किडनी ट्रे, एक नग

डॉक्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. हर्नियाचं ऑपरेशन उत्तम झालं. दुर्बिणीने झालं, पोटाला तीन छोटी भोकं पडली, आत जाळी बसली आणि तिसऱ्या दिवशी मी घरी आलो. सर्जन मितभाषी होते, म्हणजे घाईत होते, पण हात चांगला. रात्री दोन वाजता ताप बघायला येणाऱ्या सिस्टर बटण दाबण्याआधी ‘काका, लाइट लावते हं’ असं सांगायच्या. एवढं सौजन्य मला स्वतःच्या घरात मिळत नाही.

माझी तक्रार किडनी ट्रेबद्दल आहे.

बिल एक लाख त्रेपन्न हजार पन्नास रुपयांचं झालं. त्यात एका ओळीत ‘किडनी ट्रे, एक नग, रु. ९५’ असं लिहिलेलं होतं. दीड लाखाच्या बिलात पंच्याण्णव रुपयांचं काय घेऊन बसलात, असं बायको म्हणाली. मेहुणा म्हणाला. बिलिंग काउंटरवरची मुलगी बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तेच होतं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. दीड लाखाशी माणसाला भांडता येत नाही. दीड लाख हा आकडा पावसासारखा वरून येतो, आपण फक्त भिजायचं. सर्जनची फी पंचेचाळीस हजार का आणि चाळीस का नाही, हे विचारायला लागणारं ज्ञान माझ्याकडे नाही आणि टेबलावर आडवं पडलेल्याने ते विचारूही नये. ट्रे मात्र मी पाहिला आहे. निळा प्लास्टिकचा, राजम्याच्या आकाराचा. त्याची किंमत मला समजते. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. दुसऱ्यांच्या वह्यांत रुपयाचा फरक शोधण्यात तीस वर्षं गेली. ते सोडून द्यायला कुणी मला सांगू नये.

पण सुरुवातीपासून सांगतो.

ऑपरेशनच्या चार महिने आधी मी संपूर्ण शरीराची तपासणी करून घेतली होती. आमच्या सोसायटीत हल्ली ती सगळेच करतात. पूर्वी माणसं काशीला जाऊन यायची आणि गंगेचं पाणी वाटायची. आता पॅकेज करून येतात आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ वाटतात. माझं ‘गोल्ड’ होतं. ४,९९९ रुपयांत ८३ चाचण्या. सिल्व्हरमध्ये ६१ होत्या, प्लॅटिनममध्ये शंभराच्या वर. शंभराहून जास्त गोष्टी बिघडू शकतील एवढं आपलं शरीर गुंतागुंतीचं आहे, हे वाचून मला थोडा अभिमानच वाटला होता.

अहवाल आल्यावर मी सवयीने ८३ मोजायला बसलो. रक्ताच्या एकाच नमुन्यातून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, पांढऱ्यांचे पाच प्रकार, मग त्याच पाच प्रकारांची टक्केवारी, अशा वीस-बावीस चाचण्या निघाल्या. कोलेस्टेरॉलच्या कोष्टकात तर एकूण कोलेस्टेरॉल ही एक चाचणी, एचडीएल ही दुसरी आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारं उत्तर ही तिसरी. भागाकाराला चाचणी म्हणायचं असेल तर मी गेली तीस वर्षं प्रयोगशाळाच चालवतोय.

८३ पैकी दोन गोष्टी ठळक अक्षरांत आल्या होत्या, डी३ आणि बी१२. त्या सगळ्यांच्याच येतात. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांत ज्याचं डी३ ठीक आहे त्याच्याकडे आम्ही जरा संशयाने बघतो. उन्हात चालता चालता ऊन कमी पडत असल्याची चर्चा करतो आणि घरी येऊन आठवड्याची गोळी घेतो.

पॅकेज करण्यामागे आयकराचाही विचार होता. ८०डी कलमाखाली प्रतिबंधात्मक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि पॅकेज ४,९९९ चं. हे जमलेलं गणित पाहून मला त्या लॅबबद्दल आपुलकी वाटली. नंतर लक्षात आलं की ही पाच हजारांची वजावट २५,००० च्या एकूण मर्यादेतच बसते आणि माझा विम्याचा हप्ताच त्याहून मोठा आहे. म्हणजे तपासणीची वजावट शून्य. नवी करप्रणाली घेतली असती तर हप्त्याचीही शून्य. हिशेबनिसाच्या हातून हे झालं, म्हणून ते इथेच लिहितो आणि पुढे जातो.

त्या ८३ चाचण्यांत हर्निया कुठेच नव्हता. तो गॅसचा सिलिंडर उचलताना सापडला.

सर्जनना दाखवायला गेलो. फी हजार रुपये, पार्किंगचे तीस वेगळे. सात दिवसांत परत आलात तर फी नाही, अशी पाटी होती. मला दहाव्या दिवशी बोलावलं. सोनोग्राफीचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी हातात आला होता, मी पाचव्या दिवशी यायलाही तयार होतो, पण ‘सरांचा स्लॉट नाही’ म्हणाले. दहाव्या दिवशी गेलो तर पुन्हा हजार. आत किती वेळ होतो ते मी घड्याळात पाहिलं नाही. मनगटावरच्या घड्याळाने मात्र पाहिलं. मुलाने दिलेलं आहे ते. ‘तुम्ही बराच वेळ बसून आहात, उठा’ असं त्याने मला बाहेर थांबलेलो असताना दोनदा सांगितलं. आत गेल्यावर तेवढी वेळच आली नाही.

आता विम्याबद्दल. माझी पॉलिसी तीन लाखांची, २०१२ साली घेतलेली. रक्कम वाढवा, असं एजंट दर वर्षी सांगायचा. स्वतःच्या आजारपणावर पैज वाढवत नेणं मला अभद्र वाटायचं, म्हणून मी टाळलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला तेव्हा मी घरी पेढे आणले होते. आधीचा हप्ता २७,००० आणि वर ४,८६० कर, असा ३१,८६०. कर गेला की ४,८६० वाचणार, हे मी पाकिटामागे मांडून बायकोला दाखवलं. पुढच्याच महिन्यात नूतनीकरणाची नोटीस आली. मला छप्पन्नावं लागलं होतं, मी वरच्या वयोगटात गेलो होतो, आणि नवा हप्ता होता ३३,४००, करमुक्त. म्हणजे कर वाचवून मी १,५४० रुपये जास्त भरले. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी विमा नियामकाचा सल्ला घ्यावा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघालेला आहे. मी एजंटाला त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही अजून ज्येष्ठ कुठे?’ इतकं गोड बोलून कुणी माझे पैसे घेतले नव्हते. पेढे संपले होते.

भरती होताना कॅशलेस काउंटरवर २५,००० रुपये डिपॉझिट भरलं. कॅशलेस म्हणजे काय, हे मी त्या मुलीला विचारलं. ‘सर, कार्ड चालेल,’ ती म्हणाली.

इथे एक निरीक्षण नोंदवतो. त्या इमारतीत मला तीन नावं होती. ओपीडीत आणि वॉर्डातल्या सिस्टरांना मी ‘काका’. डॉक्टरांच्या राउंडला मी ‘पेशंट’: माझ्यासमोर उभं राहून माझ्या बायकोला सांगायचे, ‘पेशंटला रात्री फक्त पातळ द्या.’ आणि जिथे जिथे पैसे भरायचे होते, तिथे मी ‘सर’.

त्याच काउंटरवर खोली निवडायची असते. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. सिंगलचं भाडं दिवसाला ५,५००. वर पाच टक्के जीएसटी, कारण अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला पाच हजारांच्या वरची खोली जुलै २०२२ पासून करपात्र आहे. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,०००. अडीच हजार रोजचे खिशातून, दोन दिवसांचे पाच हजार, किरकोळ कर. चाललं की, असं मी म्हणालो. सिंगलच्या खिडकीतून गुलमोहर दिसतो, असं बायको म्हणाली. नोव्हेंबर होता, गुलमोहराला एक फूल नव्हतं.

मला वाटलं होतं मी खोली निवडतोय. प्रत्यक्षात मी सर्जन निवडत होतो. म्हणजे सर्जन तेच, पण त्यांची फी खोलीनुसार बदलते. भूल देणाऱ्यांचीही बदलते, ऑपरेशन थिएटरचंही भाडं बदलतं. थिएटर एकच. टेबल एक, दुर्बीण एक, टाक्याचा दोरा एकाच रिळाचा. जनरल वॉर्डातल्या माणसाला त्या टेबलावरून उतरवून मला चढवतात, आणि मधल्या दहा मिनिटांत टेबल महाग होतं. मी झोपेत असल्यामुळे त्याचा जास्तीचा मऊपणा मला अनुभवता आला नाही.

विमा कंपनीचा याला जबाब असा, की तुम्ही मर्यादेपेक्षा मोठी खोली घेतलीत म्हणून बाकीचे खर्च वाढले. तेव्हा ज्या प्रमाणात तुमची खोली मंजूर झाली, त्याच प्रमाणात आम्ही बाकीचे खर्च मंजूर करू. औषधं, रोपण केलेली साधनं आणि तपासण्या यांना हे लागू नाही, तेवढी नियामकाची कृपा आहे. माझी सर्जन, भूल, थिएटर आणि व्हिजिटांची बेरीज ८२,००० होती. ५,५०० पैकी ३,००० मंजूर, म्हणजे साडेचोपन्न टक्के. उरलेले साडेपंचेचाळीस टक्के, नेमके सांगायचे तर ३७,२७३ रुपये, माझे. खोलीतल्या फरकाचे करासह ५,२५०. दोन्ही मिळून ४२,५२३.

गुलमोहराची खिडकी बेचाळीस हजार पाचशे तेवीस रुपयांना पडली.

आणि गंमत बघा, यावर मी चकार शब्द काढला नाही. काढणार कुठून? त्रैराशिक बरोबर होतं. मी ते तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा रुपया-पैसा तेच उत्तर आलं. चुकीच्या हिशेबाशी मी रात्रभर भांडू शकतो. बरोबर हिशेबापुढे माझा आवाज निघत नाही.

म्हणून मी पुढच्या पानाकडे वळलो. त्या पानाचं नाव ‘नॉन-मेडिकल एक्स्पेन्सेस’.

दवाखान्यात होणारा बिगरवैद्यकीय खर्च म्हणजे चहा, वर्तमानपत्र, नातेवाइकांचे वडापाव, असा माझा समज होता. पान वाचलं तर त्यात थर्मामीटर होता, २१० रुपये. ईसीजीचे इलेक्ट्रोड, ३००. युरिन जग, १६५. ‘रिकव्हरी किट’, १,४००. आत काय होतं हे कुणालाच सांगता आलं नाही, पण मी रिकव्हर झालो हे खरं. ॲडमिशन किट, ८५०. त्यात साबण, ब्रश, सपाता आणि एक कंगवा. माझ्या डोक्याकडे एकदा बघून तो कंगवा वगळता आला असता. फाइल उघडण्याचे ५००, झेरॉक्स आणि कागदपत्रांचे ४००, जैववैद्यकीय कचऱ्याचे ६००, ‘इतर’ ४००. आणि ‘ग्लोव्हज, ९६ नग, रु. १,९२०’. शेवटी तो ट्रे. एकूण ६,८४०.

यातल्या बहुतेक वस्तू विमा नियामकाच्या एका यादीत आहेत. कंपनीने कशाचे पैसे दिले नाहीत तरी चालेल, अशी ती अडुसष्ट नावांची यादी आहे, आणि ती मी घरी आल्यावर सावकाश वाचली. वेळ होता, हसलं की टाके दुखायचे, त्यामुळे गंभीरपणे वाचली. टेलिफोनचे आणि टेलिव्हिजनचे पैसे त्यात आहेत, मिनरल वॉटर आहे, ते पटलं. पण त्याच रांगेत हातमोजे आहेत, मास्क आहे, ऑक्सिजनचा मास्क आहे, मानेचा पट्टा आहे, थर्मामीटर आहे. शवागाराचे पैसेही आहेत, म्हणजे उपचार कुठपर्यंत वैद्यकीय धरायचे ते ठरलेलं आहे. सर्जनने हातमोजे न घालता ऑपरेशन केलं असतं तर ते पूर्णपणे वैद्यकीय झालं असतं. घातले, तिथे माझी चैन सुरू झाली.

दुसरी एक यादी आहे, सदतीस नावांची. त्यातल्या गोष्टी खोलीभाड्यातच धरायच्या असतात. फाइल उघडण्याचे पैसे, ॲडमिशन किट, हाताला बांधायची नावाची पट्टी, कंगवा, अगदी ओ-डी-कोलोनसुद्धा. ही यादी मी डिस्चार्जच्या दिवशीच मोबाइलवर काढून काउंटरवर नेली होती.

‘हे बघा,’ मी म्हणालो. ‘फाइलचे पाचशे खोलीभाड्यात आले. किटचे साडेआठशे पण आले.’

‘हो सर, ते विमा कंपनीसाठी आहे,’ ती मुलगी म्हणाली. ‘कंपनीकडून आम्ही ते घेतच नाही.’

‘मग?’

‘तुमच्याकडून घेतो ना.’

मी हातमोज्यांवर आलो. शहाण्णव नग म्हणजे अठ्ठेचाळीस जोड्या. ऑपरेशनला पाच माणसं धरली तर पाच जोड्या, वाटलं तर दहा. उरलेल्या अडतीस जोड्या घालून दोन दिवसांत मला कुणी स्पर्श केला? शेवटच्या दिवशी तर मला फक्त कागद स्पर्श करत होते. शिवाय एका खोक्यात शंभर नग असतात. शहाण्णव लावले, तर चार कुठे गेले? तिने संगणकात बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘सर, चार रिटर्न गेलेत.’ हिशेब इथेही जुळत होता.

हातमोज्याचा एक नग वीस रुपयांना. बाहेर हा केवढ्याला मिळतो, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण छापील किमतीपेक्षा एक पैसा जास्त घेतलेला नसतो. २०१८ साली राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. हे सगळं छापील किमतीत बसत होतं, कारण घाऊक घेणाऱ्याच्या सोयीने ती किंमतच फुगवून छापलेली. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला आणि मग गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला लगाम घातला होता. औषधी लेप असलेला स्टेंट त्या फेब्रुवारीत २९,६०० वर आला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्टेंट स्वस्त झाल्यानंतर दोन बसवून घेतले. बिल दाखवताना म्हणाले, ‘स्टेंट मात्र खरंच स्वस्त होते हो.’ हातमोज्याला लगाम अजून कुणी घातलेला नाही.

खालच्या औषधांच्या दुकानात ‘औषधे येथूनच घेण्याची सक्ती नाही’ असा फलक होता, ठळक, लॅमिनेट केलेला. मला तो आवडला. फक्त भरती झालेल्या माणसाची औषधं चिठ्ठीशिवायच वॉर्डातून थेट दुकानात मागवली जातात आणि ट्रॉलीवरून वर येतात. सक्ती नाही, हे कळायला सलाईन काढून खाली जावं लागतं. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्यात २०२१ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, तेही लावलेलं होतं. दर्शनी भागातल्या पाण्याच्या कूलरच्या मागे. पाणी पिताना वाकलं की पहिल्या चार ओळी दिसतात. हर्नियाच्या पेशंटने वाकू नये.

डिस्चार्जबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ऑपरेशनला पाऊण तास लागला आणि डिस्चार्जला साडेदहा.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी राउंड झाला. ‘पेशंट आज घरी जाऊ शकतो,’ सर्जन बायकोला म्हणाले. मी शर्ट घातला. अकरा वाजता डिस्चार्ज समरी टाइप होऊन आली, त्यात हर्निया डावीकडे होता. माझा उजवीकडचा. ऑपरेशन उजवीकडेच झालं होतं, तेव्हा कागद बदलला. मग न वापरलेली औषधं सिस्टरने मोजून परत पाठवली, दुकानाचा ‘क्लिअरन्स’ आला, लॅबचा आला, वॉर्डचा आला. एक वाजून वीस मिनिटांनी अंतिम बिल विमा कंपनीकडे गेलं.

साडेबाराला जेवणाची गाडी आली आणि आमच्या दारावरून पुढे गेली. मी विचारलं. ‘काका, तुमचा डिस्चार्ज झालाय ना, डाएट बंद केलंय.’ मी म्हणालो, मग जाऊ का? ‘नाही, बिल व्हायचंय.’ जेवणापुरता मी घरी गेलेलो होतो. पलंगापुरता भरती होतो. बायकोने कँटीनमधून इडली आणली.

डिस्चार्जचं बिल पोहोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने निर्णय द्यावा, असा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या खिशातून द्यायचे. फार चांगला नियम आहे. बिल १.२० ला गेलं आणि ४.१० ला, म्हणजे दोन तास पन्नास मिनिटांनी, कंपनीचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे प्रश्न होता: ‘हर्निया नेमका किती काळापासून आहे, याचं सर्जनचं प्रमाणपत्र पाठवा.’ सर्जन त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्याच्या हर्नियात होते. प्रमाणपत्र आलं ५.४० ला. मंजुरी ६.३० ला.

मधल्या वेळात मावशी येऊन चादर बदलून गेल्या आणि मी माझ्याच खोलीत खुर्चीवर आलो. ‘बसा काका, निवांत,’ मावशी म्हणाल्या. ‘तुमचं बरंय, विमा आहे.’ त्या इथे ठेकेदाराकडून आहेत. मी विचारलं, तुम्ही आजारी पडल्यावर कुठे जाता? ‘ससूनला,’ त्या म्हणाल्या, आणि मी काहीतरी विनोदी विचारल्यासारखं हसल्या. एक दिवस रांगेत जातो आणि त्या दिवसाचा पगार कापला जातो, म्हणून शक्यतो त्या आजारीच पडत नाहीत. २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून व्हायचा, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं सरकारी हिशेब सांगतात. त्या दिवशी मावशींचा कापलेला पगार यात कोणत्या रकान्यात लिहितात, हे हिशेबनीस म्हणून मला जाणून घ्यायचं आहे.

पाचच्या सुमाराला पुढचा पेशंट आला. माझ्याच वयाचा माणूस, पित्ताशयातला खडा, सोबत बायको आणि चाकांची बॅग. त्यांना खाली बसायला जागा नव्हती म्हणून वर पाठवलेलं. आम्ही चौघं त्या सिंगल खोलीत बसलो. मला राहवलं नाही.

‘तुमची पॉलिसी कितीची आहे?’ मी विचारलं.

‘तीन लाखांची. का हो?’

मी त्यांना त्रैराशिक समजावून सांगितलं. पाकिटामागे मांडून दाखवलं. ट्विन शेअरिंग घ्या, अजून वेळ आहे, असं म्हणालो. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि बायकोकडे पाहिलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

‘पण इथून गुलमोहर दिसतो,’ त्या म्हणाल्या.

माझी बायको त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मी पाकीट खिशात ठेवलं.

सात वाजता पैसे भरले. ४२,५२३ आणि ६,८४० मिळून ४९,३६३, त्यातून डिपॉझिटचे पंचवीस हजार वजा, उरलेले २४,३६३. कार्ड चाललं. गेट पास घेऊन बाहेर पडायला ७.४० झाले. दारात सुरक्षारक्षकाने एक कार्ड हातात दिलं. त्यावर चौकोन होता, तो स्कॅन करून पाच तारे द्यायचे होते.

तारे मी दिले नाहीत, पण त्याआधी, सातच्या सुमाराला, एक केलं. पावती खिशात घालून वॉर्डात परत गेलो आणि सिस्टरना म्हणालो की बिलात लावलेल्या माझ्या वस्तू मला हव्यात. थर्मामीटर, कंगवा, सपाता, युरिन जग, किडनी ट्रे. त्या म्हणाल्या, ‘काका, असं कुणी नेत नाही.’ मी पावती दाखवली. ‘नग एक’ असं तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. बायको लिफ्टजवळ जाऊन उभी राहिली, माझ्याबरोबर आलेली नाही अशा बेताने. सिस्टरने सगळं धुऊन, पुसून एका पिशवीत घालून दिलं. पिशवीचे पैसे घेतले नाहीत, हे नमूद करतो.

युरिन जग बायकोने घरात घेऊ दिला नाही. कंगवा मेहुणा वापरतो. ट्रे मी उकळत्या पाण्याने दोनदा धुतला. चार-पाच दिवस तो गॅलरीत पडून होता, मग कधीतरी ओट्यावर आला. सध्या त्यात लसूण असतो.